सासूबाईंच्या अकरा साड्या आणि माळ्यावरचा संसार

प्रश्न: आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे आणि जूनअखेर फ्लॅट रिकामा करून द्यायचा आहे. नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत भाड्याच्या छोट्या जागेत राहायचं. पस्तीस वर्षांचा संसार आहे. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या अकरा सुती साड्या आहेत (नऊ सहावारी, दोन नऊवारी), एक जुना शालू, सासऱ्यांचे शर्ट, तांब्यापितळेची भांडी, पत्र्याच्या दोन ट्रंका, मुलांच्या वह्या, बंद पडलेला मिक्सर. मुलगा म्हणतो, सगळं भंगारात दे. मला ते जमत नाही. व्हिडिओ बघून मी बाटल्यांच्या फुलदाण्या केल्या, साडीचे बटवे केले, पण ते सगळं आता त्याच माळ्यावर पडलं आहे. मुलगी बाळंतपणाला येणार आहे, तेही डोक्यात आहे. या सगळ्याचं कल्पक असं काय करता येईल? टाकून दिलं की अपराधी वाटतं आणि ठेवायला जागा नाही.
— एक वाचक भगिनी

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘ते सगळं आता त्याच माळ्यावर पडलं आहे.’ उत्तराची सुरुवात मला तिथूनच करावीशी वाटते.

व्हिडिओ बघून काही करायला घेतलं की आपण वस्तूपासून सुरुवात करतो. हातात बाटली आहे, हिचं काय करू? मग फुलदाणी होते, पण घरात आधीच दोन फुलदाण्या असतात. आता सुरुवात घरापासून करा. भाड्याच्या जागेत तुम्हाला काय लागणार आहे? बाळ-बाळंतिणीला काय लागणार आहे? एका कागदावर ते लिहून काढा आणि मग माळ्याकडे बघा. नवी वस्तू कुठे राहणार आणि कोण वापरणार, याचं उत्तर मिळत असेल तरच कात्री, सुई किंवा ब्रश हातात घ्या. एरवी ती वस्तू जशी आहे तशी, ज्याला उपयोगी पडेल त्याच्याकडे जाऊ द्या. यात कल्पकता कमी पडते असं मला मुळीच वाटत नाही.

बाटल्यांच्या फुलदाण्या करून तर उलट नुकसानच होतं. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली सुक्या कचऱ्यात गेली, तर तिला पुढे भाव आहे. तिच्यापासून पॉलिस्टरचा धागा निघतो. तिच्यावर गोंद, रंग आणि चमकी चढली की तिला कुणी घेत नाही. तेव्हा यापुढे प्लॅस्टिकची बाटली धुवून, चेपून सरळ देऊन टाका. जॅमच्या, मधाच्या काचेच्या बरण्या मात्र ठेवा. भाड्याच्या स्वयंपाकघरात ओवा, बडीशेप, मेथ्या ठेवायला त्या फार कामाच्या.

आता साड्या. कात्री लावण्याआधी एक काम करा, नणंदेला फोन करा. आईच्या साड्या आहेत त्या. पत्रात तुम्ही नणंदेचा उल्लेख केलेला नाही, पण नणंद, जाऊ, जी कोणी असेल तिला आधी निवडू द्या. साडी फाडून गोधडी झाल्यावर ‘ती हिरवी मला हवी होती’ हे ऐकण्याइतकं वाईट दुसरं काही नाही, आणि ती सल वर्षानुवर्षं राहते. यजमानांनाही विचारा. पुरुष बोलून दाखवत नाहीत, पण आईची अमुक एक साडी त्यांच्या मनात असते.

उरलेल्या साड्यांचा जीव बघा. साडी उजेडासमोर धरली की विरलेल्या जागा लगेच दिसतात, बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या टोकाशी जास्त. मग दोन्ही हातांत धरून आडवी ओढा. चर्रकन फाटली तर ती पांघरुणाच्या वरच्या थराला चालणार नाही, आतल्या थराला चालेल. ताण सोसून घेतला तर अजून बरीच वर्षं काम देईल. अशा पद्धतीने तीन ढीग करा: घट्ट, मऊ पण धड, आणि विरलेल्या.

दोन नऊवारी आणि सहा सहावारी हाताशी उरल्या तर त्यांतून एकेरी अशा तीन गोधड्या होतात. हिशेब सोपा आहे. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच असतो, म्हणजे पावणेचार फूट, आणि एका माणसाच्या गोधडीला तेवढी रुंदी पुरते. लांबी सात फूट धरा. सहावारी साडेपाच मीटर भरते, तिच्यात असे दोन थर बसतात आणि पदराकडचा तुकडा वर उरतो. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, तिच्यातून तीन थर आरामात निघतात. दोन नऊवारींचे सहा थर, म्हणजे तिन्ही गोधड्यांच्या वरच्या-खालच्या बाजू झाल्या. प्रत्येकीच्या आत दोन सहावारींचे चार थर. सहा थरांची गोधडी पुण्याच्या थंडीला पुरते आणि घरच्या वॉशिंग मशीनमध्येही धुता येते. हौसेने दहा-बारा थर घातले तर ती उबदार होईल खरी, पण ओली झाली की उचलवणार नाही, मग कुणी धूत नाही आणि पुन्हा तीच माळ्यावर जाते.

शिवण्याआधी तयारी नीट करा, कारण अर्धं काम तिथेच आहे. सगळ्या साड्यांचा फॉल उसवून काढा. जाड किंवा जरीचे काठ कापून बाजूला ठेवा. सुई त्यातून जात नाही आणि अंगाला टोचतं. खळ पूर्ण निघेपर्यंत साड्या धुवा. खळ राहिली तर गोधडी कडक राहते आणि झुरळांना आयतं निमंत्रण मिळतं. लाल, मरून, गडद निळा असे रंग असतील तर पांढरा ओला रुमाल त्यावर घासून बघा. रंग रुमालाला लागला तर ती साडी आत घालू नका, एका पावसाळी दिवसात सगळी गोधडी डागाळेल.

मग फरशी पुसून, पूर्ण कोरडी करून, एकावर एक थर पसरा. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करत जा. वळी राहिली की ती कायमची. सगळे थर बसले की वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घालून त्यांना जखडून टाका, म्हणजे शिवताना आतलं कापड सरकणार नाही. त्यानंतर धावदोरा. दोन बोटांच्या अंतराने ओळी घ्या, कडेकडून सुरुवात करून आत जा किंवा सरळ उभ्या ओळी घाला, दोन्ही रीती चालतात. दोरा सुतीच हवा, जाडसर, दुहेरी. नायलॉनचा दोरा मजबूत वाटतो, पण जुनं मऊ कापड तो हळूहळू कापत जातो. शेवटी कापून ठेवलेल्या साध्या सुती काठाची पट्टी चारी बाजूंनी फिरवा. पूर्वीच्या बायका गोधडीच्या कडेला किती निगुतीने पट्टी लावत, ते एखादी जुनी वाकळ मिळाली तर जरूर बघा. कोपऱ्यात कापड कसं दुमडलं आहे ते बघून शिकण्यासारखं असतं.

तिन्ही गोधड्या स्वतःच्या हाताने करायच्या असा हट्ट धरू नका. जूनपर्यंत सामान बांधायचं आहे, घर शोधायचं आहे. एक स्वतः शिवायला घ्या, तीही सावकाश. बाकीच्या दोन शिवायला द्या. गोधड्या शिवून देणाऱ्या बायका आणि बचत गट पुण्यात आणि आसपास आहेत. हातशिलाईची मजुरी जास्त वाटेल, पण ते काम किती दिवसांचं असतं हे एक गोधडी स्वतः शिवायला घेतल्यावर तुम्हालाच कळेल, तेव्हा घासाघीस करू नका. मशीनवर शिवलेली स्वस्त पडते आणि रोजच्या वापराला ती चांगलीच.

उरलेल्या सहावारींतली सगळ्यात मऊ जी असेल ती बाळासाठी राखा. चाळीस धुण्यांनी मऊ झालेल्या सुताइतकं तान्ह्याच्या अंगाला सुखाचं काही नाही, दुकानातल्या कोऱ्या कापडाला तो मऊपणा येत नाही. तिची दुपटी करा, झबली करा, लंगोट करा. दुपट्याला दोन थर पुरेत. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, आत काचत नाही. बटणं लावू नका, नाड्याच बऱ्या, आणि त्या गळ्याशी लांब सोडू नका. कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवून मगच वापरा. लेकीची सासरची मंडळी नवे कपडे आणतीलच, त्यांना ‘आमच्याकडे जुन्याचेच’ असं ऐकवायची गरज नाही. दोन्ही राहू द्या. रात्री दोनला ओलं झालेलं बदलायला हीच दुपटी हाती येतील.

आणि एक साडी नेसा. तुम्हाला त्यांच्यातली सगळ्यात आवडती, धड असलेली, तिला काहीही करू नका. फॉल बदला, हवा तर नवा ब्लाउज शिवा आणि वापरायला काढा.

शालूचं वेगळं आहे. जुनं रेशीम घडीवर चिरतं, कारण वर्षानुवर्षं त्याच घडीवर ते दुमडलेलं राहतं. अंग फाटलं असेल पण काठ-पदर शाबूत असतील, तर ते काळजीपूर्वक कापून नव्या साध्या रेशमी साडीवर लावून घेता येतात. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्या. काठही गेले असतील तर जर तपासून घ्या. जुन्या शालू-पैठण्यांची जर चांदीच्या तारेची आणि वर सोन्याचा मुलामा दिलेली असायची. एखाद-दुसरा धागा ज्योतीवर धरला तर खऱ्या जरीची तार मागे राहते, प्लॅस्टिकची नकली जर वितळून गोळा होते. खरी जर असेल तर दारावर येणाऱ्याला अंदाजाने देऊन टाकू नका. ओळखीच्या सराफाकडून किंमत करून घ्या, चांदीचे पैसे होतात. ठेवायचा असेल तर जुन्या मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि दर काही महिन्यांनी घडी बदला.

तुमच्या स्वतःच्या जॉर्जेट, नायलॉनच्या साड्या असतीलच. त्या गोधडीत घालू नका. घाम शोषत नाहीत, थर सरकत राहतात. त्यांचं पायपुसणंही करू नका, पाणी टिपत नाही आणि गुळगुळीत फरशीवर घसरतं. त्यांच्या बाजाराच्या पिशव्या छान होतात. हलक्या, मजबूत, धुतल्या की तासाभरात वाळतात. केलेल्या बटव्यांचंही काही वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ते वाण म्हणून लुटा, प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकचा डबा देण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

शर्ट, चादरी, टॉवेल यांच्यावर फार विचार करू नका. सुती शर्टाची कॉलर आधी विरते, बाकी शर्ट धड असतो. पूर्वी शिंपी कॉलर उलटवून द्यायचे, आजही कुणी जुना शिंपी देईल. यजमानांना वडिलांचा शर्ट घालायचा असेल तर तेवढं करून घ्या. मधोमध विरलेली चादर उभी कापून, दोन्ही कडा मध्ये आणून जोडली की चांगलं कापड मध्ये येतं आणि चादर आणखी काही वर्षं चालते. त्यानंतर तिचे अभ्रे, मग फडकी. जुने टॉवेल दुहेरी शिवून न्हाणीघराबाहेरची पायपुसणी. जीन्स शिवायची तर मशीनला सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावा, साधी सुई मोडते.

आता द्यायचं काय आणि कुणाला. धड कपडे, जे धुवून इस्त्री केले तर तुम्ही स्वतः दुसऱ्याच्या अंगावर बघू शकाल, ते वेगळे काढा. ‘गूंज’सारखी संस्था असे कपडे घेते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातल्या लोकांनी विहीर, रस्ता असं गावाचं काम करायचं आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे, ही त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते, घेणाऱ्याचा मान राहतो. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. जुने कपडे, चपला, सामान एकत्र गोळा करण्याचे त्यांचे खास दिवसही असतात. तुमच्याकडे रोज येणाऱ्या ताईंना विचारा, त्या नीट सांगतील. आणि बोहारीण अजून येत असेल तर तिलाही द्या. तुम्ही दिलेली साडी ती धुवून, टाका घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकते, म्हणजे साडी साडी म्हणूनच पुन्हा नेसली जाते. एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत घालू नका. फाटकी, डागाळलेली वस्त्रं मात्र दान म्हणून कुणालाही देऊ नका. त्यांची फडकी करा.

भांडी. आधी एकेक उपडं करून बघा, कुणाकुणाची नावं घातलेली आहेत ते. लग्नाची तारीख, मुंजीतला आहेर, ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरं असलेली चार-दोन भांडी ठेवा आणि ती वापरात आणा. पितळी पातेल्याला कल्हई करून घ्या. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी-ताकासारखं आंबट काही करू नका. तांब्याच्या हंड्याची कुंडी करायची असेल तर त्याला भोक पाडू नका, आत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा, म्हणजे उद्या मन बदललं तर हंडा हंडाच राहील. बाकीची भांडी मोडीत द्या. तांब्यापितळेला चांगला भाव मिळतो, शिवाय ते वितळून पुन्हा भांडंच होतं. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि वजन समोर करून घ्या. चिनी मातीच्या बरणीला केसाएवढी जरी चीर गेली असेल तरी तिच्यात लोणचं घालू नका. डाव-उलथनी उभी ठेवायला ती उत्तम.

ट्रंका अजिबात विकू नका. भाड्याच्या घरात बसायला आणि सामान ठेवायला त्याच कामी येणार आहेत. गंज पत्रीकागदाने घासून, वर गंजरोधक रंगाचा हात आणि मग तुमच्या आवडीचा रंग. दोन ट्रंका भिंतीला लावून, वर जुनी गादी कापून टाकली की दिवाणासारखी बैठक झाली. आत रजया राहतील.

मुलांच्या वह्यांमधली कोरी पानं काढा आणि बाइंडिंगवाल्याकडून जाड वह्या बांधून घ्या. आपल्यापैकी अनेकांचं शाळेचं वर्ष अशा वहीवरच सुरू व्हायचं. भरलेली पानं रद्दीत. चित्रं, निबंध असं काही सापडलं तर तेवढं ज्याचं त्याला द्या.

मिक्सर आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. बऱ्याचदा नुसता बुश किंवा कार्बन बदलून चालू होतो. नाहीच झाला तर तो, जुने मोबाइल, चार्जर, वायरी हे सगळं ई-कचऱ्यात, भंगारवाल्याकडे नको. तांबं काढण्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. मोबाइलची फुगलेली बॅटरी दाबू-टोचू नका, पेटते. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, त्या न फोडता कागदात गुंडाळून वेगळ्या द्या.

मुलाबद्दल सांगते. त्याला ‘सगळं’ दिसतं आहे, म्हणून तो ‘सगळं भंगारात’ म्हणतो. तुम्ही ढीग करून, प्रत्येक ढिगाचं काय होणार ते ठरवून त्याच्यासमोर ठेवलंत की त्याचा सूर बदलेल. भांडी मोडीला नेणं, ई-कचरा पोचवणं, ट्रंका घासणं ही कामं त्याच्याकडे सोपवा. कुठल्या वस्तूमागे काय हकिगत आहे हे त्याला काम करता करता सांगा, समोर बसवून सांगितलं तर ऐकणार नाही.

अपराधी वाटतं म्हणता, ते मला कळतं. या वस्तू जपणारी माणसं काटकसरीची होती आणि त्यांनी तुम्हाला काही टाकायला शिकवलंच नाही. पण सासूबाईंनी स्वतःच्या सासूचं लुगडं माळ्यावर ठेवलं नसेल, त्याची वाकळ केली असेल. विचारा यजमानांना, त्यांच्या लहानपणीच्या पांघरुणात कुणाकुणाच्या साड्या होत्या ते.

आता लगेच करायचं काम एकच. बाकी आवराआवर जूनपर्यंत चालू दे, पण गोधडीच्या साड्या याच आठवड्यात फॉल उसवून, धुवून काढा. आत्ता गच्चीवर दोन उन्हं मिळतील. पाऊस सुरू झाला की सुती कापड नीट वाळत नाही, दमट घडीला बुरशीचा वास धरतो आणि तो गोधडीतून कधीच जात नाही. वाळलेल्या साड्या कडुनिंबाचा सुका पाला घालून ट्रंकेत भरा, म्हणजे नव्या जागेत गेल्यावर दसऱ्याच्या सुमाराला शांतपणे शिवायला घेता येतील. दुपट्यांची साडी मात्र वर ठेवा, लेक त्याआधी येईल.